चौकशीचा बाक

माझ्या पशुखाद्याच्या दुकानावर एके काळी 'विश्वासाचे एकमेव ठिकाण' अशी पाटी होती. ती आता नाही, कारण व्यंकटतात्यांनी ती वाचली.

वाचली म्हणजे मोठ्याने वाचली. बाजाराचा दिवस, काष्टीत पाय ठेवायला जागा नाही, माझ्या दुकानात गिऱ्हाईक, आणि तात्या रस्त्याच्या मधोमध टोपी मागे सारून उभे. म्हणाले, "एकमेव? म्हंजी गावात बाकी समदे लबाड?"

शेजारचा खतवाला बाहेर आला. पलीकडचा सिमेंटवाला बाहेर आला. दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती बघून मी संध्याकाळी पेंटरला बोलावलं आणि 'एकमेव' पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी तात्या पुन्हा तिथंच उभे. "विश्वासाचे ठिकाण. बरं. कुनाच्या इस्वासाचं? तुज्या का गिऱ्हाइकाच्या?" मग मी सगळंच पुसलं. आता पाटीवर फक्त 'पेंड' एवढंच आहे. तात्यांना ती पाटी फार आवडते. "ह्यात खोटं काडायला जागाच न्हाई," म्हणतात.

हे तात्या दिवसभर माझ्या दुकानासमोरच्या लिंबाखाली बसतात. तिथं ग्रामपंचायतीनं दिलेला सिमेंटचा बाक आहे आणि त्याच्या पाठीवर एका पुढाऱ्याचं नाव लाल रंगात कोरलेलं आहे. तात्या बरोबर त्या नावाला पाठ लावून बसतात. नाव झाकलं जातं. कुणी विचारलं तर म्हणतात, "गावाची सेवा."

सगळी हयात त्यांनी जनावरांच्या बाजारात दलाली केली. बैल विकताना 'बोली' करावी लागते, म्हणजे जनावर कसं आहे, काय खोड आहे, ते तोंडानं सांगायचं आणि त्या शब्दाला बांधून घ्यायचं. बाकीचे दलाल सगळ्या गायी गरीब आणि सगळे बैल सहा वर्षांचे सांगायचे. तात्या भर बाजारात ओरडून सांगायचे, "गाय दुधाला बरी हाय. पन सुनंला धार काडू देती, सासूला लाथ घालती. घरात सून आसंल तरच हात लावा!" विकणारा कपाळाला हात लावायचा. आणि घेणारे तात्यांना शोधत यायचे. ती लाथाळ गाय तर अर्ध्या तासात गेली. घेणाऱ्याची बायकोच पुढं आली होती, नुकतीच सून झालेली.

मग गुडघे गेले. बाजारात उभं राहणं होईना, म्हणून तात्या बाकावर आले. आम्हाला वाटलं, आता हा माणूस गप्प बसेल.

पण एक दिवस दौंडकडचा एक शेतकरी त्यांना शोधत आला. म्हणाला, "तात्या, बैल तुमी बोलला तसाच निघाला. आता पोरीचं बघतोय. तुमच्या गावातलं एक स्थळ हाय. पोरगा चांगला हाय का?"

तात्या म्हणाले, "कशाला चांगला?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. नुसतं चांगला म्हणजे काय, हे त्यांना आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. "पोरगा गप्पाला चांगला हाय. मयताला पयला येतो, लाकडं फोडतो, त्यालाबी चांगला हाय. संसाराला इचारत आसाल तर त्याला सकाळी उटवायला आजून आई लागती." शेतकरी हसला, हात जोडून गेला. तिथून हा बाक चौकशीचा झाला. शिरूर, राहुरी, कर्जत, कुठून कुठून लोक यायचे. गावात सोयरीक जुळवायची म्हटलं की पत्रिका नंतर, आधी बाक.

गावातली लग्नाची पोरं अर्थातच हवालदिल झाली. स्थळ यायच्या आधी महिनाभर ती तात्यांना चहा पाजायला लागली. तात्या चहा प्यायचे आणि पाहुण्यांना तेही सांगायचे. "म्हैनाभर मला रोज चहा पाजतोय. म्हंजी लपवन्यासारखं कायतरी हाय. काय हाय त्ये तुमी हुडका."

एकदा एक पाहुणा म्हणाला, "लोक म्हणतात मुलगा फार विश्वासू आहे."

"व्हय की," तात्या म्हणाले. "लई इस्वासू. कुनी काय बी सांगू दे, इस्वास ठेवतो. मोबाईलवर बक्षीस लागल्याचा मेसेज आला तर गावात पेढे वाटले त्यानं. त्याच्यावर कोन इस्वास ठेवतंय का, ते मला म्हाईत न्हाई."

माझी बायको सुनंदा हायस्कूलला मराठी शिकवते. तात्या तिला 'मास्तरीनबाई' म्हणतात आणि तिच्याशी भांडणं हा त्यांचा आवडता उद्योग आहे. एकदा ती दुकानात बसून मोठ्याने वाचत पेपर तपासत होती. 'विश्वास' या शब्दाचा समानार्थी शब्द लिहा, असा प्रश्न होता. एका मुलानं भरवसा लिहिलं होतं, तिनं बरोबरची खूण केली. दुसऱ्यानं खात्री लिहिलं होतं, पुन्हा बरोबर. तात्या बाकावरून मान लांब करून ऐकत होते.

"समदे बरोबर कसे?" ते म्हणाले. "एकाच अर्थाचे आसते तर येवढे शब्द कशाला काडले आसते मान्सांनी? रिकामटेकडी हुती का?"

"मग सांगा फरक," सुनंदा म्हणाली. चूक केली.

"आमची म्हस घ्या. तिच्यावर माजा भरवसा हाय. सकाळी दूध दील म्हंजी दील. पन इस्वास न्हाई. दोरी सोडून मी पाठ फिरिवली, की ती शेजाऱ्याच्या घासाच्या वाफ्यात जानार. आनि जानार म्हंजी जानारच, त्याची मला खात्री हाय. आता सांगा, तिन्ही एकच हाय का?"

सुनंदानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आणि इमान?"

"इमान म्हशीला नसतं. मालक बदलला तरी चारा त्योच गोड लागतो तिला."

"तात्या, हा प्रश्न एका मार्काचा आहे. म्हैस लिहून आलं तर मी तोही देणार नाही."

तात्या खूश झाले. त्यांना उलट बोलणारं माणूस आवडतं. गावात ती दोघंचौघंच उरली आहेत.

देवळाच्या लोकांनी एकदा त्यांना विश्वस्त व्हायला बोलावलं होतं. एवढ्या शब्दाच्या माणसाचं नाव मंडळात असलं तर शोभा येईल, असा हिशेब. तात्या मीटिंगला गेले, चहा-पोहे घेतले आणि म्हणाले, "विश्वस्त म्हंजी ज्याच्यावर समद्यांचा इस्वास हाय त्यो, आसंच ना? मग दानपेटीला तीन कुलपं का? आनि तीन किल्ल्या तिघांकडं का?" मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. "चौथं कुलूप आनावं लागंल माज्यासाठी," म्हणून तात्या उठून आले. पोहे मात्र चांगले होते, हे त्यांनी आल्यावर सांगितलं.

सरपंचांवर अविश्वास ठराव आला तेव्हाही तेच. गाव दोन गटांत फुटलेलं, ग्रामपंचायतीबाहेर पोलिसांची गाडी, आणि तात्या बाकावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतायत, "आता आविश्वास दाखवत्यात, ते ठीक हाय. पन विश्वास कवा दाखिवला हुता? त्याचा ठराव झाल्याला मी तरी बघितला न्हाई." दोन्ही गटांनी आठवडाभर त्यांच्याशी बोलणं सोडलं. तात्यांना तो आठवडा फार निवांत गेला.

असा हा माणूस. आता त्यांच्या मुलाचं सांगतो.

नितीन त्यांचा एकुलता एक. नगरला नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला. तेव्हा काष्टीहून रोज जाऊन-येऊन करायचा. पोरगा सरळ होता, हातात कला होती, पण डोकं तापट. साहेब काही बोलला की डबा उचलून घरी यायचा. मग दुसरी कंपनी, मग तिसरी. सकाळी एक ठरवायचा, संध्याकाळी दुसरं. आई गेल्यापासून घरात हे दोघंच, आणि दोघंही तोंडाचे तिखट.

एके दिवशी श्रीरामपूरकडचे एक गृहस्थ दुकानासमोर गाडीतून उतरले. पांढरा शर्ट, हातात रुमाल, स्वभावानं गरीब वाटले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, काष्टीत लिंबाखाली एक म्हातारा बसतो, तो खोटं बोलत नाही. तो नितीनचा बाप आहे, एवढं मात्र सांगायचं राहिलं होतं.

"नितीन म्हणून मुलगा आहे तुमच्या गावात, एमआयडीसीत कामाला. मुलीसाठी बघतोय. कसा आहे?"

मी काउंटरमागून तात्यांकडं बघितलं. सांगून टाका म्हणून खूण केली, हातवारे केले, खोकलोसुद्धा. तात्यांनी माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कुठल्याही पोराबद्दल सांगावं तसं सांगायला लागले.

"इमानी हाय. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावनार न्हाई. दारू न्हाई, बिडी न्हाई. पन भरवशाचा न्हाई. आज हितं, उद्या तितं. राग आला की म्होरचं मागचं बघत न्हाई. एकदा तर भरल्या ताटावरनं उटला, आई आजारी आसताना. ती माऊली दोन घास खायची, तीबी त्या दिशी जेवली न्हाई."

गृहस्थ गंभीर झाले. "फार उपकार झाले. आपलं नाव?"

"मी त्याचा बाप," तात्या म्हणाले.

ते गृहस्थ किती तरी वेळ गाडीचं दार धरून उभे होते. मग गाडीत बसून गेले. स्थळ अर्थातच मोडलं.

संध्याकाळी नितीन बाकापाशी आला. त्याला कळलं होतं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण तो अगदी हळू बोलला.

"तात्या, बैल बाजारात न्यायच्या आधी तुमी त्याला धुवायचा, शिंगाला तेल लावायचा. मला तर तसाच उभा केला."

"इचारलं, म्हनून सांगितलं," तात्या म्हणाले.

"व्हय," नितीन म्हणाला, "मी कुटं न्हाई म्हनतो?" आणि घरी जाऊन त्यानं कपड्यांची पिशवी भरली. नागापूरला खोली घेतली. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या, तो आला नाही. फोनही नाही.

गावानं मात्र तात्यांना डोक्यावर घेतलं. स्वतःच्या पोरालासुद्धा सोडलं नाही, असा माणूस होणे नाही, वगैरे. ज्यांची पोरं तात्यांनी उघडी पाडली होती तीही माणसं नमस्कार करायला लागली. तात्या नमस्कार घ्यायचे, पण त्यांची जीभ जरा बोथट झाली. माझ्या पेंडीत माती आहे, असं आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे, तेही कमी झालं. उलट नगरहून कुणी एसटीनं उतरलं की विचारायचे, "नागापूरकडं पानी येतं का रोज? का टँकर हाय?" किंवा, "तिकडं उनाचं पत्र्याच्या खोलीत लई तापत आसंल न्हाई?" मला वाटायचं, बसून बसून कंटाळलेत, काहीतरी विचारतात.

परवाच्या उन्हाळ्यात एक बाई आली. पन्नाशीची, रापलेली, काठाचं हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. एसटीतून उतरली ती सरळ बाकासमोर येऊन उभी राहिली.

"व्यंकटतात्या तुमीच का?"

"व्हय."

"मी कौसल्या. पाथर्डीकडची. माझी लेक अश्विनी नागापूरला कंपनीत पॅकिंगला हाये. तुमच्या नितीननं तिला मागणी घातलीय. तुमी त्याचे वडील, ते मला ठावं हाये. तुमी पोटच्या पोराचंबी खरं सांगता, तेबी ऐकलंय. म्हणून आले. कुणाला सांगून आले नाही."

तात्यांनी सरकून तिला जागा दिली. ती बसली नाही. मी आतून पाणी नेऊन दिलं, ते ती उभ्यानंच प्यायली.

"आमी कोयत्यावर जाणारी माणसं," ती म्हणाली. "मुकादम सांगायचा, राहायला खोप आहे, पाणी आहे, दवाखाना आहे. त्याच्या शब्दावर सहा-सहा महिने घरदार सोडून ऊस तोडला. तिथं गेल्यावर काय असायचं ते आमचं आमाला माहीत. लेकीला मी त्यातून काढलं, शिकवलं. आता तिला पुन्हा कुणाच्या नुसत्या शब्दावर नाही पाठवायची. तुमी सांगा. कसा हाये नितीन?"

तात्यांनी टोपी काढली. मांडीवर ठेवली. मी वजनकाट्यावरचं पोतं तसंच सोडून कान देऊन उभा राहिलो. त्यांनी टोपीची घडी घातली. पुन्हा उलगडली.

"राग हाये का त्याला?" बाईनं विचारलं.

"हुता."

"आता?"

तात्या खाली बघत होते. "म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

एवढ्या वर्षांत त्या बाकावर मी हे उत्तर ऐकलं नव्हतं.

"मला म्हाईत न्हाई, बाई. दोन वरसं झाली, तो माज्याशी बोलल्याला न्हाई. मी सांगतो ते जुनं हाय. जुन्या बोलीवर मी कदी खोंडसुदीक दिला न्हाई कुनाला." मग जरा थांबून, जवळजवळ चोरट्या आवाजात म्हणाले, "तुमीच सांगा की. कसा हाय त्यो?"

बाईनं पिशवी खाली ठेवली. मग बाकाच्या कडेला टेकली.

"माझ्यासंगं तर बरा वागला," ती म्हणाली. "माझं पोटाचं ऑपरेशन झालं नगरला. लेक माझ्यापाशी बसून, तिला कुठं हलता यायचं नाही. हा ड्युटी सुटली की डबा घेऊन यायचा."

"रोज?"

"रोज."

"टायमावर?"

"मी खिडकीकडं बघायची आणि त्याची गाडी यायची."

"डबा खानावळीचा?"

"नाही ओ, त्यानंच केल्याला. भात चिकट व्हायचा."

"भात?" तात्या एकदम वळले. "स्वता करतो? घरी तर पान्याचा तांब्या सुदीक हातानं घेत नव्हता. भाकरी? भाकरी येती का त्याला?"

"जाड करतो. पण करतो."

"आनि काम? कंची कंपनी आता?"

"तीच हाये. दुसरी नाही केली."

"साहेब काय बोलला तर?"

"अश्विनी म्हणती, गप ऐकून घेतो. मग बाहेर येऊन गाडी पुसत बसतो."

"वाळलाय का?"

"कशाचा वाळतोय! पोट सुटलंय जरा."

तात्या हसले. पण प्रश्न थांबेनात. खोलीत पंखा आहे का, कूलर आहे का. थंडीत त्याला खोकला व्हायचा, अजून होतो का. मित्र कोण आहेत. आईचा फोटो आहे का खोलीत. बाई एकेकाचं उत्तर देत होती, आणि शेवटी तीच हसायला लागली.

"तात्या, चौकशीला मी आलेय का तुमी?"

तात्यांचं हसू तिथंच थांबलं. ते उठले, दुकानात आले आणि माझ्याकडं पाठ करून पेंडीच्या पोत्यांकडं तोंड करून उभे राहिले. एका पोत्याच्या तोंडाची सुतळी उगाच सोडत, बांधत होते. बाकावर पुढाऱ्याचं नाव उघडं पडलं होतं.

बाई समजूतदार. तिनं पिशवीतून मोबाईल काढला, नंबर लावला, आत येऊन तात्यांच्या हातात दिला. "घ्या. वाजतोय."

"काय बोलू?"

"मला काय माहीत? बाप तुमी हाये."

पलीकडून "हां मावशी, बोला," असं ऐकू आलं. मलाही ऐकू आलं, इतकं दुकान शांत झालं होतं.

"मी हाय," तात्या म्हणाले.

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुज्या सासूबाई आल्यात हितं. तुजं इचारत्यात." तात्यांनी मोकळ्या हातानं पोत्याची सुतळी धरली. ते थोडं खाकरले. "मला काय बी सांगता आलं न्हाई रं. मला तुजं काय बी म्हाईत न्हाई."

मग ते बराच वेळ फोन कानाला धरून उभे होते. मधेच "व्हय" म्हणाले. मग "हां." मग पुन्हा "व्हय, चुकलंच." फोन बाईच्या हातात परत दिला, आणि तिला म्हणाले, "बाई, माजा शब्द धरू नका ह्यात. मी बाप हाय. शेजारीपाजारी इचारा, कंपनीत इचारा."

"विचारलं मी," कौसल्याबाई म्हणाल्या. "सगळ्यांना विचारूनच हितं आले हुते."

सुनंदानं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुपारच्या एसटीनं त्या गेल्या.

लग्न पाथर्डीकडं झालं, साधं, मांडवात. पण मला आठवतो तो त्याआधीचा रविवार. दुकान बंद होतं, मी माल लावायला आलो होतो. शटर अर्धं वर करून बघितलं तर बाकावर नितीन बसलेला, आणि शेजारी तात्या, गुडघ्यावर हात ठेवून, त्याच्याकडं तोंड करून. नितीन लेथ मशीनचं काहीतरी सांगत होता, कुठला तरी जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, बिघडला होता, साहेब काय म्हणाला, मग ह्यानं काय केलं. ऐकणाऱ्याला त्यात काही कळावं असं नव्हतं. आणि ज्यांनी आजवर कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही ते तात्या, नितीन थांबला की फक्त एवढंच म्हणत होते, "मग?"

नितीन पुढं सांगायचा.

"मग?"